नेमबाजीचा दूरदर्शक
नेमबाजीचा दूरदर्शक : लांब पल्ल्याचे लक्ष्य मोठे व स्पष्ट दिसावे म्हणून रायफलीवर बसविण्यात येणारे प्रकाशीय उपकरण. अमेरिकेत विल्यम माल्कम याने १८५५ पासून असे दूरदर्शक तयार केले. तेथील यादवी युद्धात (१८६१–६५) त्यांचा वापर झाला.

विशालन वाढले, की दृष्टिक्षेत्र आकुंचित होते. हाताचा कंप व तापलेल्या हवेची थरथरही मोठी दिसते. वस्तुभिंगाच्या व्यासास विशालनाने भागल्यास डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ४० मिमी. भिंगास ४ पट विशालनाला तो १० मिमी., तर २० पटीला २ मिमी. असतो. त्यामुळे मंद प्रकाशात उच्च विशालन गैरसोयीचे ठरते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश व सोव्हिएट दूरदर्शकांचे विशालन सामान्यतः ३ ते ३·५ पटच होते. स्थिर लक्ष्य व भरपूर प्रकाश असल्यास मात्र अधिक विशालन उपयुक्त असते.

ऑलिंपिकमधील ५० मी. रायफल प्रकारात रायफलीवर दूरदर्शक निषिद्ध आहे. मागील सूक्ष्म छिद्र व पुढील माशी यांच्या साहाय्याने १०·४ मिमी. व्यासाचे मध्यवर्तुळ साधावे लागते. शिवाजी पेठेसारख्या वस्त्यांतील तालमी व फुटबॉल संघ यांमुळे ख्यातनाम असलेल्या कोल्हापूरने या प्रकारातही नाव मिळविले. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ६०० पैकी ५९७ गुणांसह जागतिक विजेतेपद पटकाविले. जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. भिंगाविना लाभलेल्या या यशावरून नेमबाजीत विशालनापेक्षा शरीराचे स्थैर्य व श्वासावरील नियंत्रण यांचे महत्त्व अधिक असल्याचे दिसून येते.