मुंबईतील बँडश्रवणाची परंपरा : ताजमहाल हॉटेल ते रंगभवन (इ.स. १९३५ ते २०१६)

प्रास्ताविक

'बँड' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात किंवा पोलीस दलाचे संचलन उभे राहते. परंतु विसाव्या शतकातील मुंबईत या शब्दाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला होता. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, गिटार व ड्रम यांच्या साथीने पाश्चात्त्य धर्तीचे संगीत सादर करणारा वादकसंच आणि त्याला प्रत्यक्ष ऐकण्यासाठी सायंकाळी घराबाहेर पडणारा श्रोता, हे या शहराच्या सांस्कृतिक जीवनाचे एक अंग होते. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात नाटक, तमाशा, शाहिरी, चित्रपट व शास्त्रीय संगीताच्या मैफली यांची नोंद सविस्तर झाली आहे. त्या मानाने बँडश्रवणाचा विचार उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या परंपरेचा आढावा 'जागा' या घटकाच्या अनुषंगाने घेतला आहे. बँड कोठे वाजत होता, तेथे कोणाला प्रवेश होता आणि ती जागा कोणत्या कारणाने बंद झाली, हे तीन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

हॉटेलातील नृत्यगृह

१९०३ साली सुरू झालेले ताजमहाल हॉटेल हे या परंपरेचे पहिले महत्त्वाचे केंद्र होय. १९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी कलावंतांचा बँड येथे दाखल झाला. त्यापाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ताजमधील जॅझ संगीताला स्थैर्य दिले. वेदरफर्ड यांचे १९४५ मध्ये कलकत्त्यात निधन झाले. स्वदेशात वर्णभेदाचे चटके सोसणाऱ्या या कलावंतांना वसाहतीच्या राजधानीवजा शहरात मानाचे स्थान मिळाले, ही बाब लक्षणीय आहे.

मात्र त्यांचा श्रोतृवर्ग अत्यंत मर्यादित होता. युरोपीय अधिकारी, संस्थानिक, पारशी व अन्य धनिक व्यापारी कुटुंबे यांनाच ताजच्या नृत्यगृहात सायंकाळ घालविणे परवडत असे. औपचारिक पाश्चात्त्य पोशाख, जेवणाचा खर्च आणि इंग्रजी शिष्टाचार यांची जाण हा जणू अलिखित प्रवेशपरवाना होता. समोरच्या अपोलो बंदरावर फिरायला येणाऱ्या सामान्य मुंबईकराच्या वाट्याला हे संगीत येणे दुरापास्तच होते.

गोमंतकीय वादक : ऐकलेले, पण न पाहिलेले

परदेशी वादकांच्या जोडीने व पुढे त्यांच्या जागी जे वादक उभे राहिले, ते बहुतांशी गोमंतकीय ख्रिस्ती समाजातील होते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांमधून स्वरलेखनाचे व वाद्यवादनाचे शिक्षण मिळत असे. उपजीविकेसाठी मुंबईत आलेला गोमंतकीय तरुण धोबीतलाव परिसरातील आपल्या गावाच्या 'कूड'मध्ये मुक्काम करी. कागदावरील स्वरलिपी पाहताक्षणी वाजविण्याचे कौशल्य हीच त्याची शिदोरी होती.

हळदोणे येथे जन्मलेले आंतोनियो शावियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे या पिढीचे प्रातिनिधिक उदाहरण ठरते. 'मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग' अशी त्यांची ख्याती होती. रात्री हॉटेलात ट्रम्पेट वाजविणाऱ्या या कलावंताने संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासमवेत चित्रपटांसाठीही काम केले. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसले. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या चालींना जो पाश्चात्त्य बाज लाभला, त्यामागे अशा वादकांचे श्रम होते. फाळणीपूर्वी लाहोरमध्ये बँड चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा यांनी पुढे शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यवृंदरचना केली.

येथे एक विसंगती स्पष्ट दिसते. ज्यांचे वादन रेडिओ व ध्वनिमुद्रिकांद्वारे देशभरातील कोट्यवधी लोकांनी ऐकले, त्यांना प्रत्यक्ष वाजविताना पाहण्याची संधी मूठभरांनाच लाभली. आंथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गोव्यातील माजोर्डा गावच्या या व्हायोलिनवादकाने १९५८ मध्ये भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचे कार्यक्रम सादर केले. हा प्रयोग फार काळ टिकला नाही. पुढे १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गीतामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. परंतु ते नाव गुणगुणणाऱ्या बहुसंख्य रसिकांना असा कोणी वादक वास्तवात आहे याची कल्पनाही नव्हती.

चर्चगेटची उपाहारगृहे

स्वातंत्र्योत्तर काळात बँडश्रवणाचे केंद्र ताजमधून चर्चगेट स्ट्रीटकडे, म्हणजे आजच्या वीर नरिमन मार्गाकडे, विस्तारले. अ‍ॅस्टोरिया, अ‍ॅम्बॅसेडर, रिट्झ, गेलॉर्ड अशा ठिकाणी नियमित बँड वाजू लागले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे हॉटेल व्यवसायाला फटका बसला, हे खरे. तथापि या कायद्याचा एक अनपेक्षित परिणामही झाला. मद्यविक्रीवर निर्बंध आल्याने उपाहारगृहांना कुटुंबे व तरुण यांना आकर्षित करणे भाग पडले. दिवसाउजेडी भरणाऱ्या 'जॅम सेशन'मध्ये कॉफीच्या एका पेल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थी बँड ऐकू लागले. श्रोतृवर्गाचा परीघ प्रथमच काहीसा रुंदावला.

याच काळात ख्रिस पेरी यांचा बँड आणि लॉर्ना यांचे गायन यांनी रसिकांना मोहित केले. त्यांनी जॅझची लय कोकणी गीतात आणली आणि जे संगीत इंग्रजी जाणणाऱ्यांपुरते होते ते गोमंतकीय कष्टकऱ्यांच्या मातृभाषेत पोहोचविले. शीतयुद्धाच्या राजकारणाचा भाग म्हणून अमेरिकी शासनाने पाठविलेले डेव्ह ब्रूबेक (१९५८) आणि ड्यूक एलिंग्टन (१९६३) यांचे कार्यक्रमही मुंबईकरांनी ऐकले. पुढे ध्वनिमुद्रित संगीतावर चालणारे डिस्कोथेक आले, रसिकांची अभिरुची पालटली आणि उपाहारगृहांतून बँड हळूहळू दिसेनासे झाले.

रंगभवन : खुले व्यासपीठ

या परंपरेतील सर्वांत लोकाभिमुख टप्पा म्हणजे धोबीतलाव येथील रंगभवन हे शासकीय खुले नाट्यगृह. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने येथे 'जॅझ यात्रा' महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांनी हजेरी लावली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक' या वार्षिक महोत्सवामुळे रंगभवनाचे नाव रॉकप्रेमी तरुणांच्या तोंडी झाले. रॉक मशीन, म्हणजे पुढचा इंडस क्रीड, पेंटाग्रम आणि दिल्लीचा परिक्रमा अशा बँडना या पिढीने डोक्यावर घेतले.

या श्रोत्याचे स्वरूप आधीच्या श्रोत्याहून भिन्न होते. त्याला पोशाखाची अट नव्हती. जेवण मागविण्याची सक्ती नव्हती. परवडणारे तिकीट काढून, उपनगरी गाडीने येऊन दगडी पायऱ्यांवर बसणारा हा विद्यार्थी होता. मराठी मध्यमवर्गातील अनेकांनी गिटार व ड्रम प्रत्यक्ष पाहिले ते गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात. तेथे मात्र चित्रपटगीतांची हुबेहूब प्रतिकृती अपेक्षित असे. स्वतःची रचना सादर करणारा बँड त्यांना भेटला तो रंगभवनासारख्या ठिकाणी.

तथापि रंगभवनाच्या निकट रुग्णालये व महाविद्यालय आहे. केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला गेला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिवर्धकबंदीला बळकटी दिली. त्याआधीच, २००० च्या दशकाच्या आरंभी, रंगभवनातील संगीताचे कार्यक्रम थांबले होते. रुग्णाचा शांततेचा हक्क निर्विवाद आहे. परंतु एक सार्वजनिक जागा बंद करताना तिच्या तोडीची दुसरी सार्वजनिक जागा निर्माण झाली नाही, हे या निर्णयप्रक्रियेतील न्यून म्हणावे लागेल.

ती पोकळी खासगी व्यवसायाने भरून काढली. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्ल्यू फ्रॉग' सुरू झाले. ध्वनियोजनेच्या दृष्टीने ते उत्कृष्ट होते. परंतु १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावात, जेथे एकेकाळी कामगारांची भजने व शाहिरी घुमत असे, तेथील हे नवे संगीतगृह स्थानिक रहिवाशाच्या खिशाला परवडणारे नव्हते. २०१६ मध्ये तेही बंद झाले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मुंबईतील बँडश्रवणाचा प्रवास सरळ रेषेत लोकशाहीकडे झालेला नाही. नृत्यगृहापासून उपाहारगृहापर्यंत आणि तेथून खुल्या नाट्यगृहापर्यंत श्रोतृवर्ग विस्तारत गेला. त्यानंतर तो पुन्हा उच्च दराच्या बंदिस्त जागेत आक्रसला. या चढउतारास कलावंतांची गुणवत्ता वा रसिकांची आवड यांपेक्षा परवाने, दारूबंदी, ध्वनिनियम आणि जमिनीचे भाव अधिक कारणीभूत ठरले. कलेच्या इतिहासाची मांडणी केवळ कलावंतांच्या चरित्रांतून करणे म्हणूनच अपुरे पडते.

१९५८ साली गोन्साल्विस यांच्या वाद्यवृंदाला आश्रय मिळाला तो एका महाविद्यालयाच्या प्रांगणात, आणि रंगभवनाच्या पायऱ्या भरल्या त्याही प्रामुख्याने विद्यार्थ्यांनीच. आज महाविद्यालयांकडे सभागृहे आहेत, प्रांगणे आहेत आणि दिवसाची वेळही त्यांच्या हाती आहे. नियमांच्या चौकटीत राहून ती स्थानिक वादकांसाठी खुली करणे अशक्य नाही. त्याचबरोबर हयात असलेल्या वादकांच्या व श्रोत्यांच्या आठवणी मौखिक इतिहास म्हणून नोंदविण्याचे कार्य इतिहास विभागांनी हाती घेणे निकडीचे आहे. आंथनी गोन्साल्विस यांचे २०१२ मध्ये निधन झाले. त्यांच्या पिढीचे साक्षीदार आता फारच थोडे उरले आहेत.