तोतया आणि अंगठ्याचा ठसा

इचलकरंजीच्या जहागीरदारांचें आडनांव घोरपडे. परंतु त्या घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव हे जोशी होते. सेनापति संताजी घोरपडे यांच्या आश्रयानें त्यांचा उत्कर्ष झाला, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनीं धन्याचें आडनांव आपलेंसें केलें. दुसऱ्याचें नांव उघडपणें व कृतज्ञतेनें धारण करण्याचा हा एक प्रकार झाला. याच घराण्याच्या सोयऱ्यांत पुढें अगदीं उलट प्रकार घडला. नारोपंतांचे पुत्र व्यंकटराव यांस पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनूबाई दिलेली होती. अनूबाई या थोरले बाजीराव व चिमाजीअप्पा यांच्या भगिनी. अर्थात् चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ हे त्यांचे भाचे. पानिपतावर नाहींसे झालेले हे भाऊसाहेब आपणच, असें सांगत एक मनुष्य उभा राहिला, आणि त्याचा दावा मोडून काढण्यास मराठी राज्याला अखेर फौज पाठवावी लागली.

माणूस तोच, हें ओळखावें कशावरून? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्याचें उत्तर शोधतां शोधतां माणसाला जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं, आणि तें अजून पुरतें हातीं आलें आहे असेंहि नाहीं.

पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेले काशीराज पंडित त्या वेळीं शत्रूच्या गोटांत होते, व आपण पाहिलें तें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें. त्यांच्या वृत्तांताप्रमाणें भाऊसाहेबांचें म्हणून जें शव शोधून काढण्यांत आलें त्यास शीर नव्हतें. मुखच नाहीं, तेव्हां ओळख पटवावयाची ती देहावरील खुणांनीं. पाठीवर जुन्या जखमेचा वण होता; मुजफ्फरखान गारद्याच्या कारस्थानानें भाऊसाहेबांवर पूर्वीं जो घाला पडला होता, त्याची ती निशाणी. नित्य सूर्यनमस्कार घालणाऱ्याच्या अंगावर पडतात तसे घट्टे होते. आणि तळपायावर सामुद्रिक जाणणारे ज्यांस पद्म व मत्स्य म्हणतात त्या रेखा होत्या.

या तीन खुणा लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. वण अपघातानें येतो, घट्टा सवयीनें पडतो, आणि रेघ जन्मतःच असते. पुढील शास्त्राची सारी इमारत यांपैकीं तिसऱ्या खुणेवर उभारली गेली.

परंतु ती परीक्षा झाली पानिपतावर, आणि ज्यांस खात्री हवी होती ते होते पुण्यास. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणांगणांतून जिवंत परतल्या होत्या. पति गेल्याचें त्यांनीं अखेरपर्यंत मानलें नाहीं, व सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. ज्या घरांत आशा अशी तेवत असते, त्या घराच्या दारीं तोतया येण्यास फार काळ लागत नाहीं. सुखनिधान नांवाचा बुंदेलखंडाकडील एक कनोजा ब्राह्मण भाऊसाहेबांच्या नांवानें वावरूं लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींतच त्याची चौकशी होऊन तो लबाड ठरला, व पुढें त्यास रत्नागिरीस कैदेंत ठेविलें. प्रकरण येथेंच मिटावयाचें. पण १७७६ सालीं रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीं त्यास बंधमुक्त करून त्याचा पक्ष घेतला. पाहतां पाहतां हजारों लोक त्याच्या निशाणाखालीं जमले, कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, व त्याची फौज घाटापर्यंत येऊन भिडली. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. पळून जात असतां तो राघोजी आंग्रे यांच्या हातीं सांपडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास त्यास देहांत शासन झालें.

एकदां खोटा ठरलेला मनुष्य दहा-बारा वर्षांनीं पुन्हा खरा कसा होऊं शकला? कारण पहिला निकाल साक्षीदारांच्या शब्दावर झाला होता, आणि शब्दाचें मोल बोलणाऱ्याच्या स्थितीप्रमाणें बदलतें. नाना फडणीस हे स्वतः पानिपताहून परतलेले. भाऊसाहेबांस त्यांनीं जवळून पाहिलें होतें. परंतु १७७६ सालीं पेशवे सवाई माधवराव हे दोन वर्षांचे बालक, व सारा कारभार नानांकडे. भाऊसाहेब खरोखरीच परत आले तर कारभार कोणाचा, असें कोणीहि विचारूं शके. म्हणजे ज्यांस ठाऊक होतें त्यांच्यावर हेतूचा संशय, आणि ज्यांच्यावर संशय नाहीं त्यांस ठाऊक नाहीं. अशा कोंडींत सत्य तरवारीनेंच सिद्ध करावें लागलें.

त्या काळीं ओळखीचीं साधनें नव्हतीं असें नव्हे. सरकारी पत्राच्या शिरोभागीं शिक्का असे, आणि मजकूर संपला तेथें मोर्तब होई. हेतु हा कीं, खालीं कोणी ओळ वाढवूं नये. महजरावर निरक्षर गांवकरी आपल्या धंद्याची निशाणी काढीत: पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. हें कागदापुरतें चांगलें होतें. पण शिक्का चोरतां येतो, अक्षर गिरवतां येतें, आणि नांगर कोणासहि काढतां येतो. निशाणीवरून पाटील कळे, तोच पाटील कीं काय हें कळत नसे.

ही अडचण एकट्या मराठी राज्याची नव्हती. इंग्लंडांत रॉजर टिचबोर्न नांवाचा श्रीमंत घराण्यांतील तरुण समुद्रांत बुडाला असतां, १८६६ सालीं ऑस्ट्रेलियाहून आलेला एक मनुष्य ‘तो मीच’ म्हणून पुढें आला, आणि खुद्द आईनें त्यास पोटाशीं धरलें. खऱ्या रॉजरच्या हातावर गोंदण होतें, याच्या हातावर नव्हतें. अखेर १८७४ सालीं त्यास चौदा वर्षांची सजा झाली. आईची ओळखहि चुकते, कारण ती डोळ्यांनीं होत नसून इच्छेनें होत असते.

ज्या उपायानें हा गुंता सुटावयाचा होता, तो याच देशांत आकार घेत होता. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताच्या पंजाचा ठसा उठवून घेतला. पुढें आपण करार केलाच नाहीं असें त्यानें म्हणूं नये, एवढाच त्याचा हेतु होता. पण हर्शेल ठसे जमवीत राहिला, आणि वर्षें लोटलीं तरी एकाच माणसाच्या बोटांवरील रेघा तशाच राहतात हें त्याच्या ध्यानांत आलें. १८७७ सालीं हुगळी येथें पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घेण्याची वहिवाट त्यानें पाडली; मेलेल्याच्या नांवावर जिवंत माणसानें पैसे उचलणें त्यामुळें कठीण झालें. फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८९२ सालीं या विषयावर ग्रंथ लिहून त्यास शास्त्राची बैठक दिली.

राहिली ती एक अडचण: हजारों ठशांच्या ढिगाऱ्यांतून हवा तो ठसा काढावा कसा? आपल्याकडे लहान मुलेंहि बोटांवरचे शंख आणि चक्रें मोजतात. वाचकांनीं आपल्याच बोटांच्या टोकांकडे पाहावें: कोठें रेघ वळून परत फिरते, तर कोठें गोल गोल भोंवरा होतो. दहा बोटांपैकीं कोणकोणत्या बोटांवर चक्र आहे, एवढ्याच गोष्टीवरून १०२४ वर्ग पडतात. या तत्त्वावर कलकत्त्यास अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं वर्गीकरण बसविलें, आणि १८९७ सालीं तेथें ठशांची जगांतील पहिली कचेरी स्थापन झाली. पद्धतीस नांव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचें पडलें. ओळख पटविण्याच्या शास्त्राच्या जन्मवेळींच खऱ्या कर्त्यांची ओळख झांकली गेली. सरकारनें दोघांचा गौरव केला तो पुष्कळ मागाहून.

आतां हें काम यंत्र करतें. बोटावरील रेघा कोठें संपतात, कोठें त्यांस फांटा फुटतो, हीं स्थळें टिपून तें त्यांचे आंकडे करतें व पूर्वीं नोंदलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहतें. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या खेड्यांत देशांतील पहिला आधार क्रमांक देण्यांत आला. दहा बोटें, दोन्ही डोळ्यांतील बुबुळें आणि चेहरा, एवढें त्यासाठीं नोंदलें जातें. ज्या ओळखीकरितां १७७६ सालीं फौज लागली, ती आज शिधावाटपाच्या दुकानांत कांहीं क्षणांत होते.

तथापि यंत्रासहि मर्यादा आहेत. एकच बोट दोनदां टेंकलें तरी दाब व कोन बदलतो. म्हणून यंत्र हुबेहूब साम्य मागत नाहीं, पुरेसें साम्य मागतें. ‘पुरेसें’ म्हणजे किती, हें माणूस ठरवितो. हद्द सैल केली तर तोतया आंत शिरतो. आवळली तर खरा मनुष्य बाहेर राहतो. इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढें सारें गांव मागांच्या आवाजानें भरून गेलें. अशा कष्टाच्या गांवीं हा प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाहीं. वर्षानुवर्षें हातांनीं राबणाऱ्यांच्या बोटांवरील रेघा झिजतात, वार्धक्यानें त्या पुसट होतात. श्रमाचा घट्टा जन्माची रेघ पुसून टाकतो, आणि खरा धनी आपल्याच नांवापुढें परका ठरतो. अशा वेळीं बुबुळ, चेहरा, किंवा दुकानांत बसलेल्या माणसाचा विवेक, यांनींच काम भागवावें लागतें.

आणखीहि एक गोष्ट आहे. ठसा कोणाचें नांव सांगत नाहीं. पूर्वीं ज्यानें ठसा दिला तोच हा मनुष्य, एवढेंच तो सांगतो. भाऊसाहेबांच्या अंगठ्याचा ठसा पुण्याच्या दफ्तरांत असता, तर सुखनिधानाचें बंड घटकाभरांत निवालें असतें. परंतु तें दफ्तर ज्याच्या ताब्यांत तो प्रामाणिक असता तरच. तोतयास कैदेंत ठेवणारी कोठडी मजबूत होती. ती उघडली गेली ती किल्ली ज्याच्या हातीं होती त्याच्याकडून.

नारो महादेवांनीं धन्याचें आडनांव घेतलें तें सर्वांच्या देखत, आणि तें पिढ्यान् पिढ्या टिकलें. सुखनिधानानें चोरलेल्या नांवापायीं सहस्रावधि माणसें शस्त्र घेऊन धांवलीं, आणि त्याचा अंत वधस्थानीं झाला. या दोहोंमधील अंतर बोटावरच्या रेघेंत दिसणारें नाहीं. तें राखावयाचें काम पूर्वींप्रमाणेंच माणसांकडे आहे.