पदर घेतलेली मरिया

प्रबोधनकालीन धार्मिक चित्रे पाहताना प्रतीकांची यादी पाठ करण्याची सवय आपल्याला लागलेली असते : शुभ्र लिली म्हणजे पावित्र्य, निळे वस्त्र म्हणजे मरिया. परंतु या चित्रांत अर्थ केवळ चिन्हांतून येत नाही. तो रचनेतूनही येतो. लिओनार्दोने ‘शेवटचे भोजन’ (१४९५–९८) या भित्तिचित्रात येशूच्या मस्तकाभोवती प्रभावलय रेखाटले नाही. दालनाच्या साऱ्या रेषा त्याने त्या मस्तकापाशी आणून मिळवल्या आणि मागे उजळलेली खिडकी ठेवली. बारा शिष्य तिघातिघांच्या चार गटांत खळबळून उठले आहेत. मधोमध येशू तेवढा स्थिर आहे. दिव्यत्व येथे मांडणीतून प्रकटते.

या चित्रकारांनी पवित्र कथा आपल्याच गावात आणून वसवली, हेही विसरता कामा नये. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये गिरलांदायोने मरियेचा जन्म रंगवला (१४८५–९०). तेथे बाळंतिणीच्या भेटीला येतात त्या समकालीन फ्लॉरेन्सच्या वेषातील स्त्रिया.

मग गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचा अपराध कोणता? शांतिनिकेतनात शिकून ते १९३१च्या सुमारास गोव्यात परतले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली. या भारतीय रूपाला इतका विरोध झाला की त्यांनी गोवा सोडला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. १९६७ साली निधन होईपर्यंत त्यांचा कुंचला थांबला नाही.

आम्हांला वाटते, या विरोधाचे उत्तर मराठी साहित्याच्या इतिहासातच आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातच, रायतूरला, चर्चच्या अनुमतीने छापले गेले. त्याचा छंद ओवीचा, आणि त्यातला स्वर्ग ‘वैकुंठ’. पुढे नगरच्या मातीत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगातून गायिली. ख्रिस्तकथेने ओवीचे वस्त्र ल्यालेले चालले. मरियेने साडी नेसलेली मात्र खपली नाही.

याचे कारण चित्राच्या सवयीत आहे. इटालियन चित्रकाराने मरियेला दिलेला वेष हेही एक रूपकच होते. शतकानुशतके डोळ्यांसमोर राहिल्याने ते रूपक आहे, याचाच विसर पडला आणि रूपकाला वस्तुस्थिती मानले गेले. फोन्सेकांनी मरियेचे रूप बदलले, असा आरोप करणाऱ्यांना हे उमगले नाही की, गिरलांदायोने जे केले होते तेच त्यांनी पुन्हा केले होते. परंपरेशी याहून प्रामाणिक राहणे आणखी कोणते असते?