अ‍ॅपमधला रकाना: टेक्स्ट फील्ड कसे आखावे?

अ‍ॅपच्या पडद्यावर नाव, मोबाइल नंबर, पत्ता किंवा पासवर्ड टाइप करण्यासाठी जी चौकट असते, तिला टेक्स्ट फील्ड म्हणतात. कागदी अर्जातल्या रकान्याचेच हे डिजिटल रूप. कागदी अर्ज भरताना अडले तर खिडकीपलीकडच्या कारकुनाला विचारता येते. अ‍ॅपमध्ये ते काम रकान्यालाच करावे लागते. ते झाले नाही, तर माणूस अर्ज अर्धवट सोडतो किंवा पासवर्डसकट फोन दुसऱ्याच्या हाती देतो.

रकान्याचे नाव

जागा वाचवण्यासाठी अनेक अ‍ॅप रकान्याचे नाव चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत लिहितात. टाइप करायला लागताच ते नाहीसे होते. मध्येच कोणाचा फोन आला, तर परतल्यावर कुठे काय भरायचे होते हे आठवत बसावे लागते. म्हणून नाव चौकटीच्या वर, कायम दिसेल असे असावे. आत फार तर नमुना द्यावा. अंध व्यक्तींना अँड्रॉइडवरील टॉकबॅक आणि आयफोनवरील व्हॉइसओव्हर हे नाव वाचून दाखवतात, त्यासाठी ते कोडमध्येही रकान्याशी जोडलेले हवे. ‘डब्ल्यूसीएजी’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या एए स्तरानुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ असावा लागतो. फिकट करड्या सूचना बहुधा इथेच नापास होतात.

आकार आणि कीबोर्ड

बोटाने सहज दाबता यावे यासाठी अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, तर आयफोनवर ४४ पॉइंट उंचीची शिफारस आहे. रुंदीवरूनही अंदाज येतो: सहा अंकी पिनकोडसाठी पडद्याभर लांब चौकट दिली, तर पूर्ण पत्ता लिहायचा की काय असे वाटते. मोबाइल नंबरसाठी अंकांचा आणि ईमेलसाठी ‘@’ असलेला कीबोर्ड आपोआप उघडावा.

सांभाळून घेणे

आधार कार्डावर १२ अंक चार-चारच्या गटांत छापलेले असतात. लोक तसेच, जागा सोडून टाइप करतात. ती मोकळी जागा अ‍ॅपने स्वतः काढून टाकावी. बँकेच्या ११ अक्षरी आयएफएससी कोडमध्ये पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. तिथे कोणी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला, तर रकान्याला तो दुरुस्त करता येतो. पासवर्ड पेस्ट करू द्यावा आणि तो पाहण्यासाठी डोळ्याचे चिन्ह द्यावे.

चुकीचा संदेश

टाइप करणे चालू असतानाच चूक दाखवू नये. रकाना सोडल्यावर दाखवावी. ‘अवैध माहिती’ यातून काहीच कळत नाही. ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक भरले आहेत’ यातून पुढे काय करायचे ते कळते. संदेश त्या रकान्यालगतच असावा. नुसता लाल रंग पुरत नाही, कारण काहींना लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. एका चुकीसाठी संपूर्ण फॉर्म पुसून टाकणे तर सर्वांत वाईट.

मराठीसाठी विशेष काळजी

‘ज्ञानेश्वर’ वाचताना चारच अक्षरे दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडमध्ये मात्र त्याची १० चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना ३० बाइट लागतात. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून घातलेली मर्यादा मराठी नाव मध्येच तोडू शकते. चौकटीची उंची कमी असेल, तर वरची वेलांटी, रफार किंवा खालचा उकार कापला जातो. कोणी ‘९८’ असे देवनागरी अंक टाइप केले, तर ते नाकारण्याऐवजी बदलून घ्यावेत. ‘आडनाव’ सक्तीचे केले, तर ज्यांना आडनाव नाही त्यांना टिंब किंवा खोटे नाव लिहून पुढे जावे लागते, आणि मग तेच नाव ओळखपत्राशी जुळत नाही.