नेमबाजाचे पहिले पिस्तूल

शस्त्रांचा इतिहास म्हटला की वाचकांच्या दृष्टीपुढे रणांगणच उभे राहते. परंतु समोर शत्रू नाही, श्वापद नाही, केवळ कागदावरील काळे वर्तुळ भेदावयाचे, एवढ्याचसाठी घडविलेल्या शस्त्रांसही इतिहास आहे; आणि मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकास तो कमी बोधप्रद नाही. अमेरिकेतील ‘बुल्सआय’ नामक नेमबाजीत नवशिक्याने पहिले पिस्तूल कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर दुकानदारीचा दिसतो. त्याचे उत्तर मात्र या इतिहासातच सापडते.

या खेळाचे मूळ सैनिकी आहे. यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी कच्ची ठरली, म्हणून १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. १९०३ साली राष्ट्रीय सामने सुरू झाले व १९०७ साली ते प्रथम ओहायोतील कँप पेरी येथे भरले. पुढे स्पर्धेचे जे रूप रूढ झाले, त्यात .२२, मध्यघाती काडतुसांचे व .४५ असे तीन वर्ग असून प्रत्येकात ९० गोळ्या झाडावयाच्या असतात. पूर्ण गुण २७००. उभे राहून, एकाच हाताने, ५० यार्डांवरून १० मिनिटांत १० गोळ्या. पुढे २५ यार्डांवरून ५ गोळ्या, प्रथम २० सेकंदांत व मग अवघ्या १० सेकंदांत!

सैन्याने १९११ साली स्वीकारलेले .४५ चे कोल्ट पिस्तूल या खेळात मानाचे. साहजिकच नवशिक्याचा हात प्रथम त्याकडे वळतो, आणि तेथेच घात होतो. त्याची सैनिकी गोळी २३० ग्रेन वजनाची, तर .२२ ची अवघी ४० ग्रेनांची. मोठ्या पिस्तुलाचा धक्का व आवाज यांची धास्ती बसली म्हणजे चाप पुरता ओढला जाण्यापूर्वीच मनगट दचकते. ही खोड एकदा जडली की सुटता सुटत नाही. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनास पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला. येथे रीत उलटी आहे. नळीच्या टोकावरील माशी स्पष्ट दिसावी व लक्ष्य अस्पष्ट राहावे. दचकणाऱ्यास ते कसे साधावे?

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ साली निघाले. रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीस चढवावा, तर मूठ हलते. स्वयंचलित पिस्तुलाने ही अडचण दूर केली. ब्राउनिंगच्या कल्पनेतून उतरलेले कोल्टचे .२२ पिस्तूल १९१५ साली बाजारात आले व १९२७ पासून ‘वुड्समन’ या नावाने गाजले. १९४९ साली रूगर व स्टर्म या दोघांनी आपले पिस्तूल ३७.५० डॉलरांस विकावयास काढले. सामान्य प्राप्तीच्या गृहस्थासही आता हा खेळ परवडू लागला, हे आम्ही त्या पिस्तुलाचे खरे ऐतिहासिक कार्य समजतो. मागील माशी सरकविता येईल असा त्याचा नमुना १९५१ साली आला. स्मिथ अँड वेसनचे उंची ‘मॉडेल ४१’ १९५७ साली. हाय स्टँडर्डने तर .४५ च्या मुठीचाच कल असलेले .२२ पिस्तूल काढले. हेतू हा की, लहानावर बसलेला हात मोठ्यावर चुकू नये.

या साऱ्याचा निष्कर्ष सरळ आहे. पहिले पिस्तूल .२२ चे असावे. मूठ हातात नीट बसावी, मागील माशी सरकविता यावी, चाप न अडखळता सुटावा. नियमाप्रमाणे या वर्गात चाप किमान २ पौंडांचा लागतो. त्याहून हलका शोधू नये. उंची पिस्तुलात अडकणारा पैसा काडतुसांवर खर्च करावा, कारण गुण सरावाने वाढतात. किंबहुना चांगल्या पहिल्या पिस्तुलाचा मोठा गुण हाच की, गोळी चुकली असता दोष कोणाचा, याविषयी ते धन्याच्या मनात संशय राहू देत नाही.