खच्ची, नसबंदी, ऑपरेशन

आमच्या कुत्रीला, चंपीला, दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा ती आठ महिन्यांची होती. लसी झालेल्या, तब्येत ठणठणीत. अडलं ते एका शब्दावर. ओसरीवरून आजी म्हणाली, "मुक्या जिवाले खच्ची कराले नेता काय बाप्पा?" आणि घर गप्प झालं.

आजीचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. 'खच्ची' हा शब्द तिला गोठ्यातून मिळालेला. गोऱ्हा दोन-चार दाती झाला, मान भरली, वशिंड उभं राहिलं, की थंडीतल्या एखाद्या सकाळी चार गडी त्याला दोरानं आडवा पाडत. वृषणांकडे जाणाऱ्या नसा खाली लाकूड धरून वरून ठेचायच्या, पण कातडी फाटू द्यायची नाही, हे त्यातलं कसब. 'गोऱ्हा ठेचला', 'बैल बडवला' असं म्हणत. भूल नाही, काही नाही. वयाचा हिशोब मात्र पक्का असे. फार लवकर ठेचला तर मान बारीक राहते, वशिंड भरत नाही, आणि जू टेकतं ते तिथंच. उशीर केला तर तो हाताबाहेर जातो. आजीनं ते हंबरणं लहानपणी ऐकलं होतं आणि ती ते विसरलेली नव्हती.

हे कसब किती जुनं असावं? अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातलं एकशे अडतिसावं सूक्त मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ते माणसावर केलेलं अभिचाराचं सूक्त आहे, एका पुरुषाचं पौरुष नाहीसं व्हावं म्हणून. पण त्यातली हत्यारं थेट गोठ्यातली आहेत. आधी दोन दगडांनी अंड फोडण्याची भाषा येते. पुढे ज्या दोन नाड्यांमध्ये वीर्यशक्ती राहते त्या शम्येनं तोडण्याची. शम्या म्हणजे जुवाची खुंटी, आपली शिवळ. म्हणजे ते सूक्त रचणाऱ्याला दोन्ही रीती माहीत होत्या, अंडच फोडण्याची आणि नुसत्या नाड्या मोडण्याची. बैलाला जुवाशी अडकवणारी खुंटीच त्याला बैल बनवण्याच्या कामी आली, ही गोष्ट मला आजही काही सुचू देत नाही.

शब्दांची वंशावळही तितकीच जुनी. ऋग्वेदात ठेचलेल्या जनावराला 'वध्रि' म्हटलंय. हिंदीतला 'बधिया' त्याचाच वंशज, आणि धारणी-परतवाड्याकडे मध्य प्रदेशच्या सीमेवर तो अजून कानावर येतो. न ठेचलेला तो 'स-अंड', म्हणून 'सांड'. मराठीत त्यालाच 'अंडील' असाही शब्द आहे. खच्ची मात्र परका पाहुणा. अरबीत 'खसी' म्हणजे वृषण काढलेला. फारसीच्या वाटेनं तो दख्खनेत आला. मटणाच्या दुकानात 'खस्सी' म्हणून तो जवळजवळ मूळ रूपातच टिकला, आणि गोठ्यात शिरताना 'खच्ची' झाला. पुढे त्याला 'करण' जोडून 'खच्चीकरण' हे नाम तयार झालं. आज वर्तमानपत्रात हा शब्द बैलापेक्षा माणसासाठीच जास्त छापून येतो: कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, कर्मचाऱ्यांचं मानसिक खच्चीकरण. अथर्ववेदातला शाप फिरून माणसावरच आला म्हणायचा.

गोठ्यात मात्र या शब्दाला लाज नव्हती. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला. वखर, डवरा, तिफन, गाडी हे सगळं खच्ची बैलांच्याच खांद्यावर. श्रावणी अमावास्येला पोळ्यात ज्याच्या शिंगांना बेगड लावतात, ज्याला पुरणपोळी भरवतात, तोही खच्चीच. देवाच्या नावानं मोकळा सोडलेला पोळ वेगळा. त्याला ना तोरणाखाली उभं करत, ना औताला धरत.

मग हत्यार बदललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इटलीतले पशुवैद्य नेपोलेओने बुर्दिझो यांनी लांब दांड्यांचा एक जबरदस्त चिमटा तयार केला. त्याचे जबडे बोथट असतात. वृषणाची नस कातडीसकट त्यात धरून दाबायची. आतली नस आणि रक्तवाहिन्या चिरडतात, कातडी शाबूत राहते. एक बाजू झाली की दुसरी, पण दोन्ही वळ एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर पिशवीचा रक्तपुरवठाच तुटतो. उघडी जखम नाही म्हणून अळ्या पडत नाहीत, धनुर्वाताची धास्तीही कमी. रक्त न मिळाल्यामुळे वृषण हळूहळू आक्रसून जातात. तत्त्व शिवळीचंच, फक्त घाव मोजूनमापून घातलेला. आपल्याकडे त्याचं नाव 'बर्डिझो' झालं. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दप्तरात लसीकरण आणि कृत्रिम रेतनाच्या शेजारी 'खच्चीकरण' असा रकाना असतो, तो या चिमट्याचा.

चंपीचं कुळ मात्र या गोठ्यातलं नाही. कुत्रं ना औताला, ना गाडीला. त्यामुळे गावातल्या कुत्र्यामांजरांना कोणी कधी ठेचलं नाही. पिल्लं वाढली की पोत्यात घालून गावाबाहेर सोडणं हाच उपाय होता. शहरांनी थेट मारणं पसंत केलं. मुंबईत जून १८३२ मध्ये कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली, तरी मारणं पुढे दीडशेहून जास्त वर्षं चाललं. त्याला पर्याय पुढे आला तो मद्रासमध्ये. १९५९ साली सुरू झालेल्या ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या संस्थेनं १९६४ मध्ये मांडलं की कुत्रे पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचलले तिथंच सोडा. ते शहराच्या पालिकेला पटायला १९९६ उजाडलं. २००१ च्या डिसेंबरात केंद्रानं त्याचे नियम केले. २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यांच्या नावातून 'कुत्रे' हा शब्द गेला. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आपलाच अकरा दिवसांपूर्वीचा आदेश बदलून पुन्हा हाच रस्ता धरला, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून.

सरकारी कागदावर या कामाला 'निर्बीजीकरण' म्हणतात. वऱ्हाडात बी म्हणजे सरकी, तुरीचं बियाणं, वर्षाची आशा. 'निर्बीज' हा शब्द इथल्या जिभेवर रुळला नाही यात मला नवल वाटत नाही. लोक 'नसबंदी' म्हणू लागले. तो शब्दही उसना, आणि जखमी. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते राहिलं. त्या दिवसांत पकडून नेण्याच्या भीतीनं रात्री शेतात झोपायला जाणाऱ्या माणसांच्या आठवणी अजून जिवंत आहेत. शिवाय कुत्र्याच्या बाबतीत हा शब्द चूकच. नस बांधत नाहीत. कुत्र्याचे वृषण काढतात, आणि कुत्रीची बीजकोश व गर्भाशय अशी दोन्ही अंगं.

इथं मला आजीच्या प्रश्नाची खरी गाठ सापडली. खच्ची, बधिया, बडवलेला हे सगळे शब्द नराचे. मादीसाठी आपल्या गोठ्यानं शब्दच घडवला नाही, कारण गाईम्हशींवर असं काही कोणी करतच नव्हतं. ग्रीकांकडे ही विद्या होती. अ‍ॅरिस्टॉटलनं डुकरिणी आणि उंटिणींचे बीजकोश काढण्याची पद्धत लिहून ठेवली आहे, डुकरिणीला दोन दिवस उपाशी ठेवून मागच्या पायांवर टांगण्यासकट. पण पोट उघडण्याचं काम जिवाला सोसेल असं झालं ते १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल यशस्वी झाल्यानंतर. आपल्याकडे मूल न होणाऱ्या मादीला जो एक शब्द होता, तो बाईला शिवीसारखा फेकून मारण्याचा होता. आजीनं तोंडानं खच्ची म्हटलं, तरी तिच्या मनात तो दुसरा शब्द असावा. तिच्या थोरल्या जावेनं तो जन्मभर ऐकला होता.

म्हणून मी तिच्याशी वाद घातला नाही. चंपीचं काय करणार ते सांगितलं. भूल देणार, पोटावर दोनेक इंचांचा छेद, टाके. ती माजावर येणार नाही. म्हातारपणी कुत्र्यांच्या गर्भाशयात पू होतो, त्यानं त्या तडफडून जातात, ते टळेल. पहिल्या माजाआधी केलं तर स्तनाच्या गाठींचा धोकाही पुष्कळ कमी होतो. आजीनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "टाके किती दिवसानं काढतात?"

दहाव्या दिवशी ते निघाले. त्या संध्याकाळी शेजारची काकू फाटकातून वाकून चंपीकडे पाहत होती. आमच्याकडे तीन-चार लेकरांनंतर सरकारी शिबिरात जाऊन आलेल्या बाया आपल्याबद्दल एकच शब्द वापरतात, तोही इंग्रजीतून आलेला, पण त्यात लाज नाही आणि भीतीही नाही. आजीनंही तो आपल्याबद्दल वापरलेला मी लहानपणी ऐकला होता. चंपीच्या पोटावरून हात फिरवत ती काकूला म्हणाली, "ऑपरेशन झालं माय हिचं."