नवा लॅपटॉप, जुनी अक्षरं

माझा लॅपटॉप बारा वर्षांचा झाला. बॅटरी फुगली, झाकणाची बिजागरी तुटली. मुलगी म्हणाली, "अब्बू, आता बदलाच." दुकानदाराने रॅम, प्रोसेसर आणि बजेट विचारलं. मी विचारलं, "माझ्या जुन्या फाइल्स यावर वाचता येतील का?" तो म्हणाला, "पेन ड्राइव्हवर कॉपी करा, झालं!"

पण तेवढ्याने होणार नव्हतं. त्यातल्या दोन फाइल्स जिवाभावाच्या आहेत. दादांच्या उर्दू आठवणी 'इनपेज'मध्ये आहेत, तर नानीच्या जात्यावरच्या मराठी ओव्या एका जुन्या फाँटमध्ये. वीस वर्षांपूर्वी मीच त्या टाइप केल्या होत्या.

उर्दूचं नस्तालीक वळण यंत्राला कधीच सोपं नव्हतं. शब्द उजवीकडून डावीकडे जाताना खाली उतरत जातो, शेजार बदलला की अक्षराचं रूप बदलतं. शिशाच्या खिळ्यांत हे नीट बसेना. म्हणून मराठी वर्तमानपत्रं खिळे जुळवून निघत असतानाही उर्दू वर्तमानपत्रांचा मजकूर कातिब हातानेच लिहीत. 1981 मध्ये हे बदललं. दिल्लीत जन्मलेले आणि पाकिस्तानात स्थायिक झालेले अहमद मिर्झा जमील यांनी सुमारे वीस हजार जोडाकृती तयार करून 'नूरी नस्तालीक' संगणकावर आणलं. लाहोरचा 'जंग' त्यात निघू लागला. 1994 मध्ये भारतातच इनपेज तयार झालं. कातिबांची रोजी गेली, पण उर्दू आमच्यासारख्यांच्या घरातल्या टेबलावर आली.

मराठीची अडचण वेगळी होती. जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवत. फाँट नसला की ओवीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. 1991 च्या युनिकोडने देवनागरी आणि अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. तरी जुन्या फाइल्स आपोआप बदलत नाहीत, त्या बदलून घ्याव्या लागतात.

अशा वेळी विजापूरच्या आदिलशाहीतली दुभाषी फर्मानं आठवतात. एकाच कागदावर फारसी मजकूर आणि मोडी लिपीतली मराठी. आमच्या घरातही तशाच दोन लिपी नांदल्या. फरक इतकाच की ते कागद साडेतीनशे वर्षांनंतरही लिपी जाणणारा वाचू शकतो. मोडीला तर युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2014 मध्ये. कागद वाचणाऱ्याची वाट पाहत राहतो. फाइलला वाचणाराही लागतो आणि तिची भाषा समजणारं यंत्रही.

शेवटी 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडीचा साधा विंडोज लॅपटॉप घेतला, कारण माझं इनपेज विंडोजवरचं आहे. पण जुना लगेच भंगारात दिला नाही. महिनाभर दोन्ही शेजारी ठेवून एकेक पान युनिकोडमध्ये आणलं. मराठीत रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा चुकवत होते, ते हाताने दुरुस्त केले. मग सगळं कागदावर छापून घेतलं.

तुमच्याही घरात असा जुना संगणक असेल. त्यात वडिलांची पत्रं असतील, जमातीच्या बैठकांची इतिवृत्तं असतील, एखादा न छापलेला लेख असेल. तो बदलण्याआधी एकदा उघडून पाहा. आपला इतिहास कुणी लिहिला नाही ही आपली तक्रार जुनी आहे, पण जो आपणच लिहून ठेवलाय तो तरी हातचा जाऊ देऊ नका.